वाहनाजवळ थांबावे

त्या पत्राला मी उत्तर दिलेलं नाही, हे मला रोज दुपारी चहा गाळताना आठवायचं. त्यात चहाचा काही दोष नाही. हातात गाळणं धरलेल्या माणसाला दुसरं काही करता येत नाही, आणि मन नेमकं तेवढ्या वेळात नको तिथे जाऊन बसतं. पत्र तसं चांगलं होतं. जाड कागद, कोपऱ्यात कंपनीचं हिरवं पान, आणि सुरुवातीलाच 'प्रिय श्री. उत्तम खांबेटे'. विमल गेल्यापासून मला कुणी प्रिय म्हटलेलं नव्हतं. विमल तरी कुठे म्हणायची म्हणा. ती 'अहो' म्हणायची आणि त्यात सगळं येऊन जायचं. खाली लिहिलं होतं की आपण खरेदी केलेल्या विजेवरील स्कूटरच्या वायरिंगमध्ये दोष असू शकतो, आणि त्यामुळे 'क्वचित प्रसंगी वाहनास आग लागण्याची शक्यता नाकारता येत नाही'. या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. माझी सगळी नोकरी ठाण्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यात गेली. वाक्यावरून माणूस ओळखायची मला खोड आहे. हे वाक्य माझ्याच जातकुळीतल्या कुणीतरी लिहिलेलं होतं. आग लागेल असं म्हणायचं धाडस नाही, लागणार नाही असं म्हणायचं तर त्याहून नाही. त्याला वरच्या साहेबांनी दोनदा तरी परत पाठवलं असणार. मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली, आणि आग वगैरे बाजूलाच राहिली. पुढे त्यानं कळवलं होतं की खाली दिलेल्या क्रमांकावर फोन करावा किंवा पत्त्यावर लिहावं, म्हणजे कंपनीची माणसं येऊन गाडी घेऊन जातील आणि दुरुस्त करून आणून देतील. तोवर गाडी इमारतीपासून लांब, मोकळ्या जागेत ठेवावी. ते शक्य नसल्यास ती झाकू नये, आणि चार्जिंग सुरू असताना जबाबदार व्यक्तीने वाहनाजवळ थांबावे.

फोन मी करणार नव्हतो, हे उघड होतं. फोनवर पलीकडचा माणूस 'बोला' म्हणतो तेव्हा माझ्याजवळ जे काही असतं ते सगळं जातं. लिहिणं मला जमायला हवं होतं. पण उत्तराची सुरुवात कशी करायची? 'महोदय' म्हटलं तर त्यानं प्रिय म्हटलंय आणि मी हात झटकतोय असं झालं असतं. 'प्रिय' म्हटलं तर कुणाला प्रिय, हे कळत नव्हतं. सही होती ती इंग्रजीत, एका रेघेची. 'सप्रेम नमस्कार' लिहून पाहिलं आणि स्वतःशीच लाजलो. ऋतुराजला, म्हणजे मुलाला, हे सांगितल्यावर तो फोनवर इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं तो पुन्हा घोडबंदर रोडवर कुठेतरी अडकला असेल आणि पुढची गाडी हलली असेल. स्कूटर त्यानंच घेऊन दिली होती, माझ्या नावावर. विमल गेल्यावर मी घराबाहेर पडतच नाही, म्हणून. "बाबा," तो म्हणाला, "ते रिकॉल आहे. लग्नपत्रिका नाही. मी करतो फोन, दोन मिनिटांचं काम."

"नको," मी म्हणालो. "पत्र मला आलंय."

"मग तोपर्यंत चालवू नका. आणि घराखाली चार्ज तर अजिबात करू नका. प्लीज. संचिता पण तेच म्हणतेय." संचिता म्हणजे सून. ती मागून काहीतरी म्हणत होती, ते मात्र तेच वाटलं नाही.

मी बरं म्हणालो. मी नेहमी बरं म्हणतो. आता मोकळी जागा म्हणाल तर आमच्या इमारतीसमोर, रस्त्यापलीकडे, एक मैदान आहे. पूर्वीचं भातशेत, आता पोरं क्रिकेट खेळतात. गाडी तिथे सहज ठेवता आली असती. पण तिथे प्लग नव्हता. प्लग होता इमारतीच्या खाली, खांबांमधल्या पार्किंगमध्ये, मीटरच्या कपाटाशेजारी. आणि पत्रातच दुसरी सोयही दिलेली होती. मी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीला वायर लावून, विमलची घडीची खुर्ची आणि एक पुस्तक घेऊन खाली जाऊन बसलो. जबाबदार व्यक्ती म्हणून. आयुष्यात मला कुणी ही पदवी दिलेली नव्हती. कॉलेजात कपाटांच्या किल्ल्यासुद्धा शिपायाकडे असायच्या.

हे सांगितलं पाहिजे की या इमारतीत इतकी वर्षं राहून मी कुणालाच ओळखत नव्हतो. ओळखायची विमल. माणसं माझ्यापर्यंत तिच्याकडून, जेवताना, बातम्या होऊन यायची: वरच्यांच्या मुलीचं जमलं, मागच्यांच्या नळाला पाणी नाही. मला चेहरे आणि बातम्या जुळवता येत नसत. जिन्यात कुणी भेटलं तर मी पायऱ्या मोजत असल्यासारखा खाली बघत जायचो. विमल गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं आणि प्रत्येक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणत होता. मी मात्र मनात, ह्या कोण, हे कोण, असं कोडं सोडवत होतो आणि त्याची मला भयंकर शरम वाटत होती. नंतर ती सगळी गेली. त्यांना मी दार उघडून पुन्हा बोलवायला हवं होतं असं आता वाटतं, पण कसं बोलवतात? ते विमलनं मला कधी दाखवलं नव्हतं.

पहिली आली ती सखुबाई. तळमजल्यावर राहणारी, इमारतीची खरी मालकीण. देसलेपाड्यातलं हे सगळं तिचं शेत होतं. नातवानं, धनेशनं, त्यावर इमारत बांधली आणि आजोबांच्या नावानं 'गोविंदा छाया' अशी पाटी लावली. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि बराच वेळ माझ्याकडे, मग गाडीकडे, मग वायरीकडे बघत राहिली.

"काय रं मास्तर, इथं कशाला बसलास? पंखा बंद परला काय तुजा?"

मी मास्तर नव्हतो. हातात पुस्तक म्हणजे मास्तर, असा तिचा हिशोब असावा. मी तो दुरुस्त केला नाही. "चार्जिंग चालू आहे," मी म्हणालो. "गाडीजवळ बसावं लागतं."

"पलून जाईल काय?"

"नाही. पण बसावं लागतं."

तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजी गाभन म्हशीवानी. दिस भरले की जवल बसावं लागतं. तवाच आमचा म्हातारा मिठागरावरनं परत येवाचा, एरवी नाय." आणि ती तिथेच, खाली ओट्याच्या कडेवर, गाडीच्या मागच्या चाकाला पाठ टेकून बसली. म्हशींबद्दल बोलत राहिली. मी पुस्तकात बोट घालून ऐकत होतो. संध्याकाळी वर जाताना ध्यानात आलं की बोट त्याच पानावर होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मग दुसऱ्या मजल्यावरची ऐश्वर्या ऑफिसातून लवकर आली तर थांबायला लागली. तिनं एकदा भाजीची पिशवी गाडीच्या पाय ठेवायच्या जागी, पायटीवर, ठेवली आणि तेव्हापासून ती पिशवीची जागाच झाली. तिची मुलगी सान्वी सीटवर बसून गृहपाठ करायची आणि मला पाढे ऐकवायची. कुणाचं पार्सल आलं की ते आणणारा पोरगा जिने चढायच्या ऐवजी "आजोबा, ठेवून घ्या ना" म्हणायचा. गॅसवाल्याला कोण घरी आहे ते मी सांगायला लागलो. मी! एका रविवारी पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं तेव्हा दोन्ही बाजू माझ्याकडे बघून थांबल्या, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी चष्मा पुसला. तेवढ्यानंही भांडण मिटलं. आणि या सगळ्या काळात माझ्या शर्टाच्या खिशात ते पत्र होतं, कारण मी रोज ठरवायचो की आज खाली बसून उत्तराचा मजकूर करू. खिशाशी हात जायचा. मग सखुबाई काहीतरी बोलायची आणि मी हात काढून घ्यायचो.

खरं तर मी वाईट गोष्ट करत होतो, आणि ती मला चांगली कळत होती. मी गाडी फार वापरत नव्हतो, त्यामुळे बॅटरी उतरायची नाही, आणि बॅटरी उतरली नाही तर खाली बसायला कारण उरायचं नाही. म्हणून सकाळी मी विठ्ठलवाडीपर्यंत जाऊन यायचो. विठ्ठलवाडीत मला काही काम नव्हतं. स्टेशनाबाहेर थांबायचो, एक केळं खायचो आणि परत यायचो. जिला आग लागण्याची शक्यता कंपनीला नाकारता येत नव्हती अशा गाडीवर बसून, हेल्मेट घालून, अगदी डाव्या बाजूनं, सिग्नल पाळत. पहिल्यांदा वाटायचं की मरेन तर मीच मरेन. मग एकदा मी भानावर येऊन पाहिलं: वायर लावलेली, दिवा लुकलुकतोय, सीटवर सान्वी पाढे म्हणतेय, पायटीवर मेथी, मागच्या चाकाला सखुबाई टेकलेली आणि तिच्या शेजारी तिच्या नातीनं, कृतिकानं, भिजत ठेवलेली केसांच्या मेंदीची वाटी. सगळी इमारत त्या एका वस्तूभोवती गोळा झाली होती आणि ती वस्तू काय आहे हे मला एकट्याला माहीत होतं. त्या दिवशी मी वर जाऊन कागद काढला. 'महोदय' लिहिलं. खाली 'आपले पत्र पोचले' लिहिलं. मग डोळ्यांपुढे आलं की माणसं येतील, गाडी टेम्पोत चढवतील, आणि प्लगपाशी रिकामी फरशी राहील. तिथे खुर्ची टाकून बसलेला म्हातारा म्हणजे नुसता खुर्ची टाकून बसलेला म्हातारा. त्याला कोण विचारणार? मी कागद फाडला. फाडताना इतके बारीक तुकडे केले की ते टाकायलाही वेळ लागला.

ऋतुराजचा मधे फोन आला. "बाबा, दिलं का हो उत्तर त्या पत्राला?"

"मजकूर तयार होतोय."

"इतके दिवस? काय लिहिताय, ग्रंथ?"

कृतिकाची हळद ठरली मार्गशीर्षात. आमच्याकडे, म्हणजे या भागातल्या जुन्या घरांत, लग्नापेक्षा हळद मोठी. लग्न एखाद्या हॉलमध्ये उरकतात, हळद मात्र दारात लागते, आणि तिला गाव येतं. धनेश आदल्या आठवड्यात माझ्याकडे आला, हात जोडून वगैरे. "काका, पार्किंग सगळं लागणार. गाड्या बाहेर काढायला सांगतोय सगळ्यांना. तुमची राहू दे, तुम्ही घरचेच. कोपऱ्यात काय, अडचण नाय होणार." घरचेच, हा शब्द ऐकून मी जे बोलायला तोंड उघडलं होतं ते मिटलं. दोन दिवस आधी साईनाथ डेकोरेटरची माणसं येऊन खांबांना गुलाबी-पांढरं कापड गुंडाळून गेली. मी प्लगवरून वायर काढली, ती सीटखाली ठेवली, आणि तेवढ्यावर समाधान मानलं. चार्जिंग नाही तर धोका नाही, असं मी पत्रातून काढलं. पत्रात तसं कुठेही म्हटलेलं नव्हतं.

हळदीच्या संध्याकाळी मी वर घरात इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो, खाली कधी जावं याचा अंदाज घेत. लवकर गेलं तर लुडबूड, उशिरा गेलं तर आखडूपणा. शेवटी बेंजो पार्टी सुरू झाली, खिडक्यांच्या काचा वाजायला लागल्या, तेव्हा उतरलो. आणि शेवटच्या पायरीवरच थांबलो. साईनाथला कोपऱ्यातली गाडी कापडांत विद्रूप दिसली असावी. त्यानं तिचं काहीतरी करून टाकलं होतं. खाली लाल गालिचा, वर तिलाच घट्ट गुंडाळलेली जरीची झालर, हँडलला झेंडूचे हार, पुढचा दिवा मिचमिचत चालू. आणि दिवे चालू राहावेत म्हणून सीटखालची वायर शोधून, मांडवाच्या माळांच्या जोडीला तिलाही प्लगमध्ये बसवलेलं. झाकू नये, असं लिहिलं होतं. जवळ थांबावे, असं लिहिलं होतं. जवळ एक म्हातारा पाहुणा होता, तो तिला टेकून आइस्क्रीम खात होता.

त्याच वेळी नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आत आल्या. त्यांतली एक, पुढे कळलं ती नवऱ्याची आत्या, गाडीपाशी थबकली. "आगं बाय, जावयाला गारी दिली!"

"बरी हाय," दुसरी म्हणाली. "बारकी हाय, पन बरी हाय."

"पेट्रोल नाय लागत हिला. सासऱ्यानं डोकं चालवलंय, पोरगा कुठं लांब जायला नको."

त्यांनी हसत गाडीच्या पुढच्या भागाला हळदीची पाच बोटं लावली. सखुबाई पाटाशेजारी उभी होती, नवं लुगडं, गालभर हळद. तिनं ऐकलं. नाही म्हणावं तर पाहुण्यांसमोर घराची शोभा जाते, हो म्हणावं तर गाडी तिची नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत विनंती होती: आज राहू दे रे, मास्तर. आणि पाटावर कृतिका बसली होती, गाडीपासून दोन हातांवर, अंगभर ओलं पिवळं, आणि तिच्या पाठीमागे त्या जरीच्या झालरीचं सुटं टोक वाऱ्यानं उडत होतं.

मला बोलायला हवं होतं. मी बोललोही. "हिला आग लागू शकते," मी शेजारच्या माणसाला म्हणालो. त्यानं कानापाशी हात नेला. मी पुन्हा ओरडलो, माझ्या मते ओरडलो. तो हसला आणि म्हणाला, "हो हो, कडक आहे!" बेंजोवाल्यांनी सूर वरचा धरला. धनेश स्टेजवर माइक घेऊन पाहुण्यांची नावं पुकारत होता. तो माइक मागायचा विचार माझ्या मनात आला. इतक्या लोकांसमोर, 'आग' हा शब्द, माझ्या आवाजात! मग चेंगराचेंगरी, बायका, पोरं. काय होईल हे मी पुढे पुढे बघत गेलो, आणि मधेच माझ्या लक्षात आलं की पाय चालायला लागलेत. मी प्लग ओढला. आइस्क्रीमवाल्या पाहुण्याला "माफ करा" म्हणालो. स्टँड काढला. आणि गाडी, झालर, हार आणि थोडासा गालिचा यांच्यासह ढकलायला लागलो.

लोकांनी वाट दिली. का दिली हे मला तेव्हा कळलं नाही. नवरदेवाच्या घोड्यासारखी सजलेली गाडी मांडवाबाहेर निघालीय, आणि ती ढकलणारा म्हातारा घामानं निथळतोय, म्हणजे काहीतरी विधी असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. बेंजोवाले उठले. मी रस्ता ओलांडायच्या आतच ते माझ्यामागे होते. ढोल बरोबर माझ्या पाठीत वाजत होता. मग नवऱ्याकडच्या बायका आल्या, मग सगळेच. पोरं गाडीपुढे नाचायला लागली. मी "बाजूला व्हा, बाजूला व्हा" म्हणत होतो आणि ती ठेक्यात "बाजूला व्हा, बाजूला व्हा" म्हणत माझ्यापुढे उलटी चालत होती. कुणीतरी माझ्या गालांना हळद फासली. कुणीतरी कपाळाला. चष्म्यालाही. पिवळ्या काचांतून मी मैदान शोधत होतो. आयुष्यात मी नाचलो नाही. माझ्या स्वतःच्या लग्नातही विमलचा भाऊ ओढत होता तेव्हा मी पोटात दुखतंय म्हणालो होतो. आणि आता मी एका वरातीच्या अग्रभागी होतो, आणि मला सांगायला संकोच वाटतो, पण रस्त्याच्या मधोमध एक क्षण असा आला की ढोलाच्या ठोक्याबरोबर माझा डावा पाय आपोआप उचलला गेला.

मैदानाच्या मधोमध मी गाडी उभी केली. झालर ओढून काढली, हार काढले, आणि दोन्ही हात पसरून माणसांना मागे सारलं. "लांब! सगळे लांब!" या वेळी आवाज निघाला. बेंजो थांबला. मोठं कडं करून गाव उभं राहिलं, आणि मध्ये मी आणि ती. सगळे बघायला लागले. आता काहीतरी होणार असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं. मी वाकून वास घेतला. सीटला हात लावला. कोमट होती, जशी ती रोजच असायची. काही नाही. दिवा मिचमिचला आणि विझला. आणि त्या क्षणी, इतके महिने जिच्या बाबतीत मी रोज मनात हात जोडत होतो की आज नको, तिनं आता पेटावं असं मला मनापासून वाटलं. मोठी नको. थोडासा धूर. एवढ्या माणसांपुढे एखादी ठिणगी. पण ती तशीच उभी राहिली, हळदीची पाच बोटं लावलेली, अगदी निरपराध.

सखुबाई कडं फोडून आत आली. लुगड्याचा पदर खोचलेला. माझ्यापाशी येऊन ती हळू बोलली, आणि तेच भयंकर होतं.

"मास्तर. माज्या मांडवातली गारी पलवलीस तू. का रं?"

"हिला आग लागू शकते."

"कुनी सांगलं?"

"कंपनीनं. पत्र आलंय." मी खिशातून ते काढलं. घामानं ओलं झालं होतं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं ते हातात घेऊन दोन्हीकडून बघितलं.

"कवा आलं?"

"गणपतीत."

ती बोटांवर हिशोब करत होती. "गनपतीपासनं मी हिला पाठ टेकून बसतंय?"

"हो."

"आनि ती बारकी पोर वर बसते, पारे म्हनत."

"हो."

"आनि तू बोललास नाय."

माझ्याकडे तयार केलेली पुष्कळ वाक्यं होती. त्यांतलं एकही आलं नाही. "तुम्ही उठून गेला असता," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती आता मारणार, आणि मला ते चाललं असतं. "गेलीच असती!" ती ओरडली. "मना काय मरायचंय? नातीची हलद हाय माजी! उठली असती, तुजा बी हात धरून उठवला असता, आनि पलीकरच्या खांबाला जाऊन बसलो असतो. म्हशी इकून मना किती वरसं झाली, तरी बसतंयच ना मी दारात? का म्हस लागते बसायला? एवरी पुस्तकं वाचतोस, वाचतोस तरी काय रं मुडद्या?"

नवऱ्याची आत्या पुढे सरकली होती. "काय झालं विहीनबाय? गारी खराब निघाली?"

सखुबाई वळली. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गारी या मास्तराची हाय. आजारी हाय ती, दवाखान्यात चाललीय. आमी गारी देत नाय. आमी पोरगी देतोय, तेवरं तुमाला बास हाय." कुणीतरी शिट्टी मारली. आत्या जराशी थांबली, मग हसली, आणि सखुबाईच्या आधीच पिवळ्या असलेल्या गालांना आणखी हळद फासली. बेंजोवाल्यांना एवढं पुरेसं होतं. सगळं गाव आलं तसं वाजत परत गेलं. मला कुणी चला म्हणालं नाही. मी गाडीजवळ थांबलो, सवयीनं. थोड्या वेळानं ऐश्वर्या मैदान ओलांडून आली, हातात जेवणाची पत्रावळ, चेहरा मिटलेला. सान्वीची ती आई. मला तिच्याकडे बघवेना. तिनं पत्रावळ माझ्या हातात दिली. "काका, मला खूप राग आलाय तुमचा," ती म्हणाली. "आधी जेवून घ्या. मग बोलते." आणि ती तिथेच उभी राहून मी जेवेपर्यंत थांबली, आणि मग खरंच बोलली. चांगलं बराच वेळ बोलली. मी मान खाली घालून ऐकलं. विमल गेल्यापासून मला कुणी इतकं रागावलं नव्हतं.

सकाळी उठलो तर उशीवर पिवळा डाग. हात दोनदा धुतले तरी नखांतून रंग जाईना. तसाच बसलो आणि लिहिलं. सुरुवातीला 'प्रिय' एवढंच लिहिलं आणि पुढे स्वल्पविराम दिला. कुणाला, ते ज्याचं त्यानं ठरवावं. 'आपले पत्र गणपतीत मिळाले. उत्तरास उशीर झाला. गाडी आता इमारतीसमोरच्या मैदानात, सगळ्यांपासून लांब उभी आहे. तिच्या पुढच्या भागावर हळद आहे, तो दोष वायरिंगचा नाही. कृपया लवकर येऊन घेऊन जावी. दुरुस्तीची घाई नाही.' कागदाच्या कडेला माझा पिवळा अंगठा उमटला होता. एरवी मी नवा कागद घेतला असता. मग पत्ता लिहायचा राहिला, आणि तिथे मी अडलो, कारण मैदानाला पत्ता नाही आणि आमच्याकडच्या घरांचे क्रमांक एकामागून एक येत नाहीत. शेवटी खाली लिहिलं, 'येणाऱ्या माणसाने देसलेपाड्यात येऊन मास्तर कुठे राहतात असे विचारावे. कोणीही सांगेल.'

टिळकनगरच्या पोस्टापर्यंत चालत गेलो. पेटीपाशी पोचल्यावर वाटलं की ते शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं. कोणीही म्हणजे कोण? ऐश्वर्या सांगेल? कालच्यानंतर? पाकिटाला पोस्टात लावलेला डिंक अजून ओला होता, उघडून एक शब्द बदलता आला असता. मी ते पेटीच्या तोंडाशी धरून उभा राहिलो. मागे एक बाई घाईत, हातात जाड पाकीट घेऊन उभी होती. "आजोबा," ती म्हणाली, "टाकताय, की मी टाकू आधी?"

"नाही, नाही," मी म्हणालो, "माझंच आधी," आणि टाकलं.